कूस बदलण्याची कुळकथा

आजीच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणलं, तेव्हा तिच्यासोबत औषधांची एक पिशवी आली आणि एक वाक्य आलं. वॉर्डातल्या सिस्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, दर दोन तासांनी कूस बदला. डावी, पाठ, उजवी. पायांत उशी ठेवून. रात्रीसुद्धा." आत्या शाळेत शिकवायची, कारण कळल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. "दोनच तास का? तीन का नाहीत?" सिस्टर क्षणभर थांबल्या. "आम्हाला असंच शिकवलंय, ताई. पण चुकवू नका. पाठ सोलली की फार हाल होतात."

आत्याने पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले आणि तो कागद पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवला. आजी पडल्या पडल्या म्हणाली, "देवसुद्धा चातुर्मासात एकदा कूस बदलतो, मग मला का नको?" आषाढीला निजलेला विष्णू भाद्रपद शुद्ध एकादशीला दुसऱ्या कुशीवर वळतो, म्हणून ती परिवर्तिनी एकादशी. आजी दरवर्षी ती धरायची.

आत्याचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहून गेला. दोनच तास का? पुढे नर्सिंगचा इतिहास वाचताना मी त्याचा माग काढत गेलो. या साध्या सूचनेची वंशावळ लांबलचक निघाली आणि तिचं शेवटचं पान अजून लिहून व्हायचं आहे.

शय्याव्रण, म्हणजे रोजच्या बोलण्यातला बेडसोअर, माणसाइतकाच जुना आहे. इजिप्तमधल्या आमून देवाच्या एका वृद्ध पुजारिणीच्या ममीवर नितंब आणि खांद्यांच्या जागी असे व्रण सापडले आणि ममी करणाऱ्यांनी ते चामड्याच्या तुकड्यांनी झाकलेले होते. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे फ्लँडर्समधल्या एका उमरावाकडे गेला. गुडघ्याजवळ गोळी लागून तो सात महिने अंथरुणाला खिळला होता आणि कुल्ल्यावर तळहाताएवढी जखम झाली होती. पारेने त्याचं अंथरूण बदललं, अन्न सुधारलं आणि मऊ पिसांची छोटी उशी करून ती अशी ठेवायला लावली की जखमेचा भाग अधांतरी राहावा. रोग्याला झोप यावी म्हणून उंचावरून एका कढईत पाण्याची धार सोडून त्याने पावसाचा आवाजही करवला. पारेची ती उशी मला फार मोलाची वाटते. दाब काढला की जखम भरते, हे त्याने कुठल्या उपकरणाशिवाय ओळखलं होतं.

ओळखलेलं टिकतंच असं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जां-मार्तां शार्को हा त्या काळातला थोर मज्जातज्ज्ञ होता. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्वचेचं पोषण करणाऱ्या नसाच बिघडतात आणि म्हणून व्रण होतो, असं त्याचं मत होतं. पक्षाघातानंतर काही दिवसांत उमटणाऱ्या व्रणाला त्याने लॅटिनमधून जे नाव दिलं, त्याचा अर्थच अशुभसूचक. व्रण दिसला की रोगी जाणार. असं एकदा ठरलं की कूस बदलण्यासाठी हात कुणाचे उठणार? त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, ब्राऊन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने गिनिपिगचे मज्जारज्जू कापून दाखवलं होतं की प्राण्याला स्वच्छ आणि कोरडं ठेवलं, एकाच जागी दाब पडू दिला नाही, तर लुळ्या पडलेल्या अंगावरही व्रण होत नाही. प्रयोग ब्राऊन-सेकारच्या बाजूने होता आणि दबदबा शार्कोच्या. कित्येक दशकं दबदबाच जिंकला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने मात्र १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात एका वाक्यात वेगळीच बाजू मांडली होती. रोग्याला थंडी वाजते, अन्न खाल्ल्यावर मळमळतं, पाठीला व्रण होतो, यांत बहुतेक वेळा दोष रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो, असं तिने लिहिलं. या वाक्याने नर्सिंगला ताकद दिली आणि एक ओझंही दिलं. शार्कोच्या मते कुणीच जबाबदार नव्हतं, नाइटिंगेलच्या वाक्याने सगळी जबाबदारी नर्सवर आली. वॉर्डात कुणाची पाठ सोलली की सिस्टरने मान खाली घालायची, ही रीत तिथून पुढे शंभर वर्षं चालली. सगळेच व्रण टाळता येत नाहीत हे आता मान्य झालं आहे, तरी ती मान अजून पुरती वर आलेली नाही.

दोन तासांचा आकडा ठळक होतो तो दुसऱ्या महायुद्धात. ब्रेसलाऊचे ज्यू मज्जातज्ज्ञ लुडविग गुटमान १९३९ मध्ये नाझींपासून सुटून इंग्लंडला आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल इथला, पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांचा नवा विभाग सोपवला गेला. पहिल्या महायुद्धात अशा सैनिकांपैकी बहुतेक जण व्रण आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने काही वर्षांतच गेले होते, म्हणून या विभागाकडून कुणाला फारशी आशा नव्हती. गुटमाननी प्लास्टरची कवचं काढून टाकली, उशांच्या राशी मागवल्या आणि दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची असा दंडक घातला. तो पाळला जातो का हे पाहायला ते रात्री स्वतः फेरी मारत.

मग दोनच का? नर्सिंगच्या जगात एक गोष्ट सांगतात. उचलणारी माणसं वॉर्डाच्या एका टोकापासून कूस बदलत निघायची, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दोन तास होत, आणि तोवर पहिल्या पलंगाची पाळी पुन्हा आलेली असे. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, त्यात एक खूण आहे. हा आकडा प्रयोगशाळेत जन्मला नाही, वॉर्डात जन्मला. माणसांचे हात जितक्या वेळात फिरू शकतात, तितका तो आहे.

त्या विभागातली माणसं जगली, आणि जगलेल्यांना काहीतरी करायला हवं होतं. २९ जुलै १९४८ ला, लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, गुटमाननी चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये भरलेल्या स्पर्धांचं औपचारिक नाव तेव्हाही स्टोक मँडेव्हिल स्पर्धा असंच होतं. तिथे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत पहिले आले आणि भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. महिनोन्‌महिने ते अंथरुणावर होते. त्यांच्या पदकाबद्दल आपण अभिमानाने बोलतो. मला त्याआधीच्या रात्री दिसतात, कुणीतरी त्यांना डावीकडून उजवीकडे वळवलेल्या. त्या हातांची नोंद कुठे नाही.

दाबाचं गणित मांडण्याचं काम इतरांनी केलं. १९३० मध्ये युजीन लँडिसने माणसाच्या नखाच्या कडेला, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो पाऱ्याच्या सरासरी ३२ मिलिमीटर इतका आला. पुढे गाद्या विकणाऱ्यांनी हा ३२ चा आकडा मंत्रासारखा वापरला, जणू नखाची कड आणि म्हाताऱ्या माणसाची कंबर एकच. १९५९ आणि १९६१ मध्ये अमेरिकेत मायकेल कोसियाकने प्राण्यांवर प्रयोग केले. जोराचा दाब थोडा वेळ आणि हलका दाब बराच वेळ यांनी सारखीच इजा होते, हे त्याला दिसलं. सुमारे ७० मिलिमीटरचा दाब सलग दोन तास राहिला तर स्नायूंत बिघाड दिसू लागे, आणि तोच दाब मधूनमधून सोडला तर ऊतक बरंच काही सोसून जाई. वॉर्डातल्या दोन तासांना शास्त्राचा आधार मिळाला, असं सगळ्यांना वाटलं. पण आकडा आधीच रुजलेला होता, आधार मागाहून आला.

या कथेत मला सर्वांत जवळचं पान वाटतं ते १९६० च्या आसपासच्या लंडनचं. डोरीन नॉर्टन या नर्स, मॅक्लारेन ही दुसरी संशोधक आणि वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. एक्स्टन-स्मिथ यांनी रुग्णालयातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचा अभ्यास हाती घेतला. नर्सने वॉर्डातल्या रोजच्या कामाकडे प्रश्न म्हणून पाहणं तेव्हा नवं होतं. १९६२ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. त्यांनी २५० रोग्यांवर लक्ष ठेवलं, त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाला व्रण झाले, आणि बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. कुणाला होतील हे आधी कळावं म्हणून नॉर्टननी पाच गोष्टींना एक ते चार गुण दिले: शरीराची अवस्था, मनाची जाग, चालणं-फिरणं, अंथरुणात हलता येणं आणि लघवी-शौचावरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण पडले तर जपायचं. पेन्सिलने एका मिनिटात होणारं काम. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कितीतरी मोजपट्ट्यांची ही आई. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची अमेरिकेतली मोजपट्टी १९८७ मध्ये याच वाटेने आली.

त्याच वेळचा दुसरा प्रयोग तर मी अनेकांना सांगत असतो. एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन यांनी १९६१ मध्ये पन्नास वृद्धांच्या गादीला एक यंत्र जोडलं आणि ते रात्रभरात आपल्या आपण किती वेळा हलतात हे मोजलं. पन्नासपेक्षा जास्त वेळा हलणाऱ्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना झाला. आपण सगळे रात्री झोपेतच कूस बदलतो, पाय ओढतो, खांदा सैल करतो आणि सकाळी आठवतही नाही. अंगाची ती स्वतःची राखण थांबते, तिथे नर्सचा हात सुरू होतो.

नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. पाठीला काय चोळायचं? प्रत्येक वॉर्डाचा आपला एक लेप होता, त्यावर श्रद्धा होती. इंग्लंडमध्ये तर एके काळी जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावून ऑक्सिजन सोडत असत. कोणतं मलम लावलं याने फारसा फरक पडत नाही, कूस बदलण्याने पडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता आपल्याकडे या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला "बॅक केअर" शिकवतात. साबण-पाण्याने पाठ पुसायची, स्पिरिट लावून चोळायची, पावडर मारायची. संध्याकाळच्या ड्युटीला ट्रॉली घेऊन फिरणाऱ्या सिस्टर आणि त्यांच्यामागे मावशी, हे चित्र महाराष्ट्रात ज्याने कुणाला रुग्णालयात सोबत केली आहे त्याला ओळखीचं आहे. स्पिरिट कातडीचं तेल शोषून घेतं आणि ती कोरडी पडून चिरते. हाडाच्या उंचवट्यावर, जिथे आधीच रक्त कमी पोचतं, तिथे जोराने चोळलं की आतल्या नाजूक वाहिन्या दुखावतात. पावडर घामात गोळा होऊन टोचते. युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळांनी २००९ मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शिकेत, व्रणाचा धोका असलेली कातडी जोराने चोळू नका, असं सांगितलं. रबरी एअर रिंगचीही तीच गत. मधला भाग मोकळा राहतो, पण कडेने गोल दाब पडून मध्ये जाणारं रक्तच अडतं. आणि टाचेखाली ठेवायचा पाणी भरलेला हातमोजा, जो आपल्याकडे किती मायेने गाठ मारून ठेवतात, तोही नको. पोटरीखाली उशी घेऊन टाच हवेत राहू द्यावी, हे त्याहून बरं. पारेची उशी साडेचारशे वर्षांनी पुन्हा तिथेच आली.

स्पिरिट-पावडर तरी इतकी वर्षं का टिकली? मला वाटतं, कारण तिचा उपयोग होत होता. पाठ चोळायची म्हणजे रोग्याला कुशीवर घ्यावं लागे, चादरीच्या चुण्या काढाव्या लागत, ओली ड्रॉशीट बदलली जाई आणि सिस्टरची नजर रोज पाठीवर पडे. गुण त्या वळवण्याचा आणि पाहण्याचा होता, श्रेय बाटलीला मिळालं. म्हणून बाटली काढून टाकताना पाठीकडे पाहण्याची ती वेळ मात्र जपायला हवी. नुसता जुना उपचार बंद करा असा हुकूम निघाला, तर त्याच्यासोबत ती नजरही जाते.

संशोधन आणि पलंग यांच्यातलं अंतर कमी करायचं म्हणून नर्सेसनी मोठे प्रयत्न केले. ब्रिटनमध्ये ब्रिग्ज समितीने १९७२ मध्ये नर्सिंग हा संशोधनावर आधारलेला व्यवसाय व्हायला हवा असं म्हटलं. अमेरिकेत मिशिगनच्या नर्सेसनी १९७० च्या दशकात अभ्यास चाळून त्यांतून वॉर्डात वापरता येतील अशा पुस्तिका बनवल्या, आणि त्यांतली एक शय्याव्रणांवर होती. दोन तासांच्या आकड्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. शेवटी तो लावला नर्सेसनीच.

बेल्जियममध्ये टॉम डेफ्लोर यांनी ८३८ वृद्धांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या गादीवर दोन तासांनी वळवलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांना कातडी फुटलेले व्रण झाले. दाब पसरवणाऱ्या खास फोमच्या गादीवर चार तासांनी वळवलेल्यांपैकी फक्त ३ टक्क्यांना. २०११ मध्ये आयर्लंडमध्ये झीना मूर यांनी २१३ रोग्यांवर दाखवलं की रात्री दर तीन तासांनी, पूर्ण कुशीवर न घेता फक्त तीस अंश कलतं ठेवलं, तर व्रण ३ टक्क्यांना होतात. सहा तासांनी पूर्ण कुशीवर वळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ११ टक्क्यांना. तीस अंश म्हणजे पाठीमागे एक उशी सरकवायची, खुब्याचं हाड गादीत रुतू द्यायचं नाही. २०१३ मध्ये बर्गस्ट्रॉम यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २७ वृद्धालयांमधल्या ९४२ जणांना चिठ्ठी टाकावी तसं दोन, तीन आणि चार तासांच्या गटांत वाटलं. तीन आठवड्यांत तिन्ही गटांत मिळून सुमारे दोन टक्क्यांना व्रण झाले आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

हे वाचून पहिला विचार सुटकेचा येतो. एक साधा हिशेब करून पाहा. वॉर्डात कूस बदलावी लागणारे दहा रोगी आहेत असं धरा. दोन तासांनी म्हणजे दिवसाला १२० वेळा, प्रत्येक वेळी दोन माणसं आणि पाच मिनिटं, म्हणजे माणसांचे वीस तास नुसते याच कामाला. चार तास चालत असतील तर दहा तास वाचले, आणि रोग्याची झोपही. रात्रीच्या ड्युटीला एकटी सिस्टर आणि तीस-चाळीस पलंग ही आपल्याकडची रोजची परिस्थिती आहे. तिला हे दहा तास म्हणजे केवढं दान.

पण बर्गस्ट्रॉम यांच्या अभ्यासातला प्रत्येक माणूस दाट फोमच्या गादीवर निजलेला होता. आपल्या वॉर्डात रेक्झिनच्या खोळीतली काथ्याची गादी असते, मधोमध खचलेली, तिच्यावर मेकिंटॉश म्हणजे रबरी चादर. तिथला चार तासांचा निकाल उचलून या गादीवर ठेवला तर घात होईल. संशोधन वापरायचं म्हणजे त्यातला आकडा पाठ करायचा नाही, तो आकडा कुठल्या गादीवर, किती हातांनी, कुठल्या अंगावर मिळाला ते विचारायचं. आणि वॉर्डाला चांगल्या गाद्या मागणं हेही मग शुश्रूषेचंच काम ठरतं, कारण आता त्यासाठी हातात कागद आहे.

अंगाचाही प्रश्न आहेच. व्रणाची पहिली पायरी म्हणजे बोटाने दाबल्यावर न विरणारी लाली, असं पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. सावळ्या पाठीवर ही लाली दिसत नाही. तिथे जागा जरा जांभळट, शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा गार, टणक किंवा गिळगिळीत लागते. म्हणजे डोळ्यांपेक्षा हाताच्या मागच्या बाजूवर भरवसा ठेवायला शिकावं लागतं. नवीन मार्गदर्शिका आता हे स्पष्टपणे सांगतात, आणि प्रत्येकाची वेळ त्याची हालचाल, कातडी आणि गादी पाहून ठरवा, असंही.

आत्याचा तो पाठकोरा कागद मी जपून ठेवला आहे. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांच्या रकान्यात नेमाने बरोबरच्या खुणा आहेत, डा, पा, उ. तिसऱ्या आठवड्यापासून खुणांच्या शेजारी बारीक अक्षरांत शब्द येऊ लागतात. "टाच गरम लागते, उशी पोटरीखाली घेतली." "आपली आपण वळली, हात लावला नाही." एका रात्री दोनच्या रकान्यात लिहिलंय, "शांत झोपली आहे. कंबर पाहिली, गार आणि मऊ. चारला उठवते."